निरोपाची गोधडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवते. गेल्या अकरा वर्षांत आमच्या स्टाफने मिळून सात गोधड्या शिवल्या. कुणी निवृत्त होत होतं, कुणाची बदली झाली होती, एक बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशी निघाल्या होत्या. ऐकून-बघून इतर शाळांतले, बँकेतले, दवाखान्यातले लोक विचारायला लागले आणि प्रश्न तेच तेच येऊ लागले. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या हातांनी केलेल्या कामावरून दिली आहेत.

१. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ हे सोडून गोधडीच का?

शाल-श्रीफळ द्याच, तो मान आहे. पण निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी तशा आठ-दहा शाली कपाटात असतात आणि कोणती कुणी दिली हे त्यांनाही सांगता येत नाही. गोधडीत आपल्या अंगावरचं कापड असतं. आमच्या गणिताच्या सरांना आम्ही पहिली गोधडी दिली. त्यांनी ती मांडीवर पसरली आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून, "ही जोशीबाईंची गॅदरिंगची साडी, हा शिपाई मामांचा खाकी शर्ट," असं सांगत गेले. वीसातले सतरा त्यांनी ओळखले. तेव्हापासून आमच्याकडे दुसऱ्या भेटीचा विचार झालेला नाही.

२. गोधडी, वाकळ, दुपटं, रजई यांत फरक काय? आम्ही नेमकं काय शिवायचं?

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक घालून धाव दोऱ्याने शिवलेलं पांघरूण म्हणजे गोधडी. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर भागात जाड, जड गोधडीला वाकळ म्हणतात. बाळाचं ते दुपटं. रजईत पिंजलेला कापूस भरतात, तिचं काम वेगळं. निरोपासाठी चार-पाच थरांची गोधडी बरी. ती पांघरता येते, अंथरता येते आणि एकट्या माणसाला धुता येते. वाकळ ओली झाली की दोघांना उचलावी लागते.

३. किती दिवस आधी सुरुवात करावी?

तीन महिने. शाळेत जन्मतारीख १ जून लावलेले लोक आपल्याकडे किती आहेत ते सांगायला नको. ते सगळे ३१ मे रोजी निवृत्त होतात, आणि त्या वेळी शाळेला सुट्टी असते, स्टाफ गावोगाव पांगलेला असतो. म्हणून आम्ही फेब्रुवारीत कापड गोळा करतो आणि एप्रिलच्या अखेरीला काम संपवतो.

हिशोब असा. ५४ बाय ९० इंचांच्या गोधडीवर एकेक इंचाच्या अंतराने टाक्यांच्या ओळी घातल्या तर सगळ्या ओळींची लांबी ४,८६० इंच होते, म्हणजे १२३ मीटर. नवखा हात तासाला चार-पाच मीटर शिवतो. म्हणजे नुसत्या टाक्यांचेच पंचवीस ते तीस तास. धुणं, कापणं, जोडणं, कच्चे टाके यांना आणखी आठ-दहा तास धरा. एकटीने करायचं म्हटलं तर डोंगर वाटतो. मधल्या सुट्टीत चौघी चार बाजूंना बसल्या की दीड महिन्यात होतं. अचानक बदली झाली असेल तर प्रश्न १६ बघा.

४. माप किती ठेवावं आणि साड्या किती लागतील?

साडेचार फूट बाय साडेसात फूट, म्हणजे ५४ बाय ९० इंच. हे माप आमच्या आत्याचं आहे आणि त्यामागे तिचं गणित आहे. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. सहावारी साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे लांबीकडून शेजारी-शेजारी जोडले की १०८ बाय ९० ची चादर होते. ती अर्ध्यात दुमडली की ५४ बाय ९० चे दोन थर. नऊवारी असेल तर तशीच जोडून तीन घड्या घाला, तीन थर मिळतात. कापड वाया जात नाही. शाळा न शिकलेल्या आत्याने हे मला वीतभर दोरीने मोजून दाखवलं होतं.

म्हणजे आतल्या थरांना दोन सहावारी किंवा एक नऊवारी पुरते. वरच्या थराला सहकाऱ्यांच्या कपड्यांचे चौकोन. शिवून झाल्यावर नऊ इंचांचा राहील असा चौकोन घ्यायचा, म्हणजे कापताना दहा इंचांचा. आडवे सहा, उभे दहा, एकूण साठ चौकोन. वीसजणांचा स्टाफ असेल तर प्रत्येकाचे तीन.

कडेच्या गोटाला आणखी एका साडीचे काठ वापरा. चारी कडा मिळून आठ वार होतात आणि एका सहावारीचे दोन्ही काठ मिळून बारा वार असतात. पुरून उरतं.

५. कोणतं कापड चालतं?

वापरून मऊ झालेलं सुती. सुती साडी, शर्ट, कुर्ता, ओढणी, धोतर, पंचा, जुनं परकराचं कापड. आतल्या थरांना तर जितकं वापरलेलं तितकं चांगलं, सुई लोण्यातून जावी तशी जाते. फक्त उजेडासमोर धरून बघा. आरपार जाळी दिसत असेल तर ते विरलेलं आहे, दोन धुण्यांत फाटेल.

सिंथेटिक साडी घसरते आणि तिच्यावर टाका बसत नाही. तरी कुणी प्रेमाने तीच आणून दिली तर नाही म्हणू नका, चौकोनाच्या मागे पातळ सुती कापड लावून मग जोडा. जुनं रेशीम घडीवर चिरतं, जर अंगाला टोचते. पैठणीचा तुकडा हवाच असेल तर कडेला, पायाकडच्या कोपऱ्यात. नवीन सुती कापड घ्यावं लागलं तर आधी धुऊन खळ काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि शेजारचे चौकोन सुरकुततात. जीन्स आणि टी-शर्टसाठी प्रश्न १२ बघा.

६. रंग जाईल का हे आधी कसं कळेल?

प्रत्येक कापड, हो, प्रत्येक, ओलं करून पांढऱ्या रुमालात गुंडाळा, वर गरम इस्त्री दाबा आणि रुमाल उघडून बघा. रुमालाला रंग लागला की ते कापड वेगळं काढा. दोन-तीनदा धुऊन पुन्हा हाच प्रयोग करा. तरी रंग जातच असेल तर वापरू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण त्यावर विसंबून राहू नका.

हे मी कळकळीने सांगते, कारण आमच्या दुसऱ्या गोधडीत मी एक इरकलीचा डाळिंबी तुकडा न तपासता घेतला. वीस वर्षं जुनी साडी, आता कसला रंग जातोय, असं वाटलं. पहिल्याच धुण्यात शेजारच्या तीन पांढऱ्या चौकोनांवर गुलाबी डाग उतरले. त्यातला एक चौकोन त्या वर्षी वारलेल्या आमच्या ग्रंथपालांच्या शर्टाचा होता आणि त्यांचं दुसरं कापड मिळण्यासारखं नव्हतं. तो डाग तिथे अजून आहे.

७. सहकाऱ्यांकडे कापड कसं मागायचं? कुणी दिलंच नाही तर?

एकेकाला बाजूला घेऊन मागा. सगळ्यांसमोर यादी वाचून मागू नका. "तुमचा एखादा वापरलेला सुती शर्ट असेल तर द्या, नसेल तरी काही नाही," एवढंच. ज्यांना द्यायचं नाही त्यांची कारणं त्यांच्यापाशी. कुणाकडे जुनं कापड उरतच नाही, कारण ते धाकट्या भावंडांकडे जातं. ही गोष्ट स्टाफरूममधल्या लोकांच्या लक्षात येत नाही.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नियम १४ आहे. निरोपाचा समारंभ खासगी आणि घरगुती स्वरूपाचा असला तरी त्याच्या वर्गणीसाठी कुणावर दबाव आणायला तिथे मनाई आहे. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या लोकांकडून वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याच्या समारंभासाठी वर्गणी गोळा करायला तर कोणत्याही परिस्थितीत मनाई आहे. नियम वर्गणीचा आहे, कापडाचा नाही. पण तो ज्यांनी लिहिला त्यांना कचेरीतली माणसं नीट कळत होती. दोरा-सुया-मेण यांचा खर्च दोनतीनजणींनी गपचूप करावा, त्याची पट्टी काढू नये.

८. वापरलेले कपडे भेट देणं बरं दिसतं का? घरचे लोक नाक मुरडतील.

तान्ह्या बाळाला आपण आजीच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळतो ना? आपल्याकडे जुन्या कापडाला हा मान आधीपासून आहे. तरी काही घरांत दुसऱ्याचं वापरलेलं अंगावर घेत नाहीत. जाणाऱ्या माणसाच्या जवळच्या सहकाऱ्याला आधी अंदाज घ्यायला सांगा. तसं असेल तर आतले थर नवीन सुती मांजरपाटाचे घ्या आणि वरचे चौकोन सगळ्यांनी एकाच दुकानातून आपापल्या पसंतीने निवडलेल्या कापडाचे. गोधडीची ऊब थोडी कमी होते असं मला वाटतं, पण समोरच्याचं मन मोडण्यापेक्षा ते चांगलं. काळा रंग नको असं कुणी म्हटलं तर वाद घालू नका, गडद निळा घ्या.

९. थर कसे घालायचे? आमच्या गोधडीला मध्ये फुगा आला.

फुगा येतो तो कच्च्या टाक्यांची घाई केली म्हणून. गोधडी शिवताना आपण कडेने सुरुवात करून आत-आत येतो. प्रत्येक ओळ वरचं कापड केसभर पुढे ढकलते आणि सगळी ढिलाई मध्ये जमते.

फरशी पुसून कोरडी करा. खालचा थर पसरा, चारी कोपरे ताणून त्यांवर जड पुस्तकं ठेवा. आम्ही शब्दकोश ठेवतो. एकेक थर घालताना हाताच्या कडेने मधून बाहेर सपाट करत जा. वर जोडलेले चौकोन इस्त्री करून घाला. मग मधल्या बिंदूपासून सुरुवात करून चारी दिशांना, सूर्याच्या किरणांसारखे, वीतभर लांबीचे कच्चे टाके घाला. दोन ओळींत मूठभर अंतर. या कामाला दोन तास लागतात आणि गुडघे दुखतात. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांना हे काम द्या. शेवटी चारी कडांना काठाचा गोट लावून घ्या, मगच पक्के टाके. कच्चा दोरा वेगळ्या रंगाचा घेतला की नंतर काढताना दिसतो.

१०. टाका कसा घालायचा? सुई-दोरा कोणता?

सुई लांब आणि बारीक, पण मोठ्या नाकाची. दुकानात गोधडीची सुई म्हणून मागितली की देतात. दाभण वापरू नका, ते पोत्यांसाठी असतं, कापडाला भोकं पडतात. दोरा जाड सुती. तो मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही. हाताच्या बोटांपासून खांद्यापर्यंत येईल एवढाच दोरा घ्यावा. लांब घेतला की वेळ वाचतो असं वाटतं आणि गाठी सोडवण्यात दुप्पट जातो. मधल्या बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर पाच थरांतून सुई ढकलताना तिसऱ्या दिवशी बोट हुळहुळतं.

गाठ वर दिसू द्यायची नाही. दोन थरांच्या मध्ये सुई घालून बाहेर काढायची आणि हलका झटका द्यायचा, गाठ आत जाऊन बसते. मग तांदळाच्या दाण्याएवढा टाका, तेवढंच अंतर, पुन्हा टाका. सुईवर एका वेळी तीन-चार टाके भरायचे आणि दोरा ओढायचा. प्रत्येक वेळी डावा हात खाली घालून सुईचं टोक बोटाला लागतंय का बघायचं. लागलं तर टाका खालच्या थरापर्यंत पोचला. वरून देखणी आणि खालून सुटी अशी गोधडी वर्षभरात थर सोडते.

कडेपासून एक बोट आत पहिली ओळ, गोधडीला पूर्ण फेरी मारून. मग त्याच्या आत दुसरी. कोपऱ्यावर टाका बरोबर टोकात पडला पाहिजे, तिथे सुई बाहेर काढून गोधडी फिरवायची आणि नव्या बाजूला निघायचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो, तिथल्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना त्या फूल म्हणतात. आम्ही पाचव्या गोधडीपासून चार कोपऱ्यांना चार त्रिकोण लावायला लागलो. कोपराच पहिल्यांदा झिजतो, त्यामुळे मजबुतीही येते.

११. आमच्यापैकी निम्म्या लोकांना सुई धरता येत नाही. त्यांचे वाकडे टाके उसवून पुन्हा घातले तर चालेल?

उसवू नका. टाका सैल असून दोरा बोटात अडकेल इतका वर आला असेल तरच तो पक्का करा, वाकडा आहे म्हणून नको. आमच्या खेळाच्या सरांनी आयुष्यात पहिल्यांदा सुई धरली. त्यांचे टाके बोटभर लांब आणि डावीकडे कललेले, कारण ते डावरे आहेत. एका बाईंनी घरी नेऊन ती ओळ उसवली आणि सुबक घातली. दुसऱ्या दिवशी सरांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, पण पुन्हा बसलेही नाहीत. मला ते आजही लागतं. त्या ओळीचं आता कुणाला काही सांगता येत नाही.

शिकवायला सोपी गोष्ट म्हणजे खडूने ओळ आखून देणं. नवख्यांना मधल्या भागात बसवा, कडा आणि कोपरे सरावाच्या हातांकडे ठेवा. ज्यांना अजिबात जमत नाही त्यांना सुईत दोरा ओवायला द्या. चष्मा लागलेल्या आम्हा पन्नाशीच्या बायकांना त्या मदतीची किंमत माहीत आहे.

१२. जीन्स, टी-शर्ट, गणवेश, कंपनीचं नाव छापलेला शर्ट, हे वापरता येतं का?

जीन्सचा एखाद-दुसरा चौकोन चालतो, पण त्याच्या जोडाच्या शिवणीवरून हाताची सुई जात नाही. तिथे ओळ थोडी वळवून न्या. टी-शर्ट ताणला जातो. मागे चिकटणारं पातळ बकरम इस्त्रीने लावलं की ताठ होतो. छापील अक्षरांवर गरम इस्त्री फिरवू नका, रबर वितळतं. गणवेशाचं कापड सुंदर दिसतं. बिल्ला, पट्ट्या, नावाच्या पाट्या आधी काढून घ्या आणि पोलिसांचा वगैरे गणवेश असेल तर तो विचारल्याशिवाय घेऊ नका.

शर्टाचा खिसा मात्र वाया घालवू नका. आमच्या शिपाई मामांच्या खाकी शर्टाचा खिसा आम्ही तसाच ठेवून डोक्याकडच्या बाजूला तो चौकोन लावला. आतल्या शिवणीत खडूची पांढरी पूड होती, कितीही धुतलं तरी गेली नाही. ती गोधडी मिळालेले सर रात्री त्या खिशात चष्मा ठेवतात.

१३. सगळ्यांची नावं घालायची आहेत, पण ती पायाखाली येतील. काय करावं?

हा आक्षेप खरा आहे. नाव असलेले चौकोन डोक्याकडच्या दोन ओळींत ठेवा, किंवा मागच्या बाजूला एकच पट्टी लावून तिच्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. पदरावर देवाचं चित्र असेल तर ते गोधडीत घेऊच नका.

सही पेन्सिलीने घ्या आणि तिच्यावरून देठ टाक्याने किंवा उलट्या टिपेने भरा. प्रत्येकाचं अक्षर जसंच्या तसं राहतं. कापडावर लिहायच्या पेनाने भरायचं असेल तर वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. सह्यांची ही कल्पना आणखी कुणाकुणाला सुचली आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत १८४० च्या दशकात सह्यांच्या गोधड्यांची मोठी लाट होती आणि पश्चिमेकडे कायमच्या निघालेल्या शेजाऱ्यांना त्या दिल्या जात. पुन्हा भेट होईल याची खात्री नसायची.

१४. जाणाऱ्या माणसाला कळू न देता कसं करायचं?

शक्य असेल तर लपवू नका. सहा जण रोज मधल्या सुट्टीत गायब होतात हे कुणाच्याही लक्षात येतं, आणि निघायच्या दिवसांत माणूस आधीच हळवा असतो. आपल्याला टाळतात असं त्याला वाटतं. आमच्या हिंदीच्या बाईंच्या बाबतीत असं झालं. चार आठवडे त्या एकट्या डबा खात होत्या आणि आम्हाला ते दिसलं नाही. आता आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो की तुमच्यासाठी काहीतरी शिवतोय, तुम्ही बघायचं नाही. शेवटची ओळ त्यांच्याच हातून घालून घेतो.

१५. काम झालं की सुया मोजा असं तुम्ही सांगता, ते कसं करायचं?

काम सुरू करताना किती सुया आणि किती टाचण्या बाहेर काढल्या ते कागदावर लिहायचं आणि उठताना तेवढ्याच परत डबीत टाकायच्या. एक जरी कमी पडली तरी गोधडी पुढे जात नाही. लोहचुंबक हळूहळू दोन्ही बाजूंनी फिरवा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतोच. कुणाला देण्याआधी सगळ्या गोधडीवरून एकदा उघडा तळहात दाबून फिरवा. हे न करता गोधडी देऊ नये.

१६. बदलीचा आदेश आला, आठच दिवस आहेत. सोडून द्यायचं का?

माप कमी करा. ३६ बाय ४५ इंच, म्हणजे नऊ इंचांचे वीस चौकोन, तीन थर, ओळींत दीड इंच अंतर. टाक्यांच्या ओळी २७-२८ मीटर होतात. चौघांनी दोन संध्याकाळी धरल्या की होतं. मांडीवर घ्यायला, प्रवासात पायावर टाकायला हे माप छान. कापडाचा रंग तपासायचं मात्र सोडू नका (प्रश्न ६).

१७. मशिनवर शिवली तर?

चौकोन जोडायला आणि गोट लावायला जरूर मशीन वापरा, तिथे ते जास्त मजबूत होतं. थरांचे टाके मशिनवर घालायचे असतील तर १६ नंबरची सुई, लांब टीप, आणि तीन थरांपेक्षा जास्त नको. घरच्या मशिनीत पाच थर वरचे पुढे आणि खालचे मागे असे सरकतात. माझं मत विचाराल तर निरोपाच्या गोधडीचे टाके हातानेच घालावेत. मशिनीवर एकच माणूस बसतो.

१८. बचत गटातल्या बायकांकडून करून घेतली तर ती आपली भेट राहते का?

राहते, कापड तुमचं असेल तर. कडेची निदान एक फेरी तुम्ही सगळ्यांनी मिळून घाला, बाकी त्यांना द्या. मोबदला ठरवताना प्रश्न ३ मधले तास डोळ्यांसमोर ठेवा. नुसत्या टाक्यांचंच पंचवीस ते तीस तासांचं काम आहे. तुमच्या गावात शेतातल्या कामाला दिवसाची जी मजुरी चालते तिच्या हिशोबाने या तासांचे जेवढे होतात त्यापेक्षा कमी पैशांत गोधडी मागणं हा अन्याय आहे, मग घासाघीस करणारा पगारदार असो की नसो.

१९. सहकारी परदेशी किंवा मुंबईला चाललाय. जड होईल, उकडेल.

दोन सहावारींच्या आतल्या थरांची आणि चौकोनांच्या वरच्या थराची गोधडी साधारण दीड किलो भरते. विमानात हातातल्या पिशवीचं वजन बहुधा सात किलोंपर्यंत चालतं, तिच्यात ती घडी करून मावते. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणार असतील तर दोन थर पुरेत, वर चौकोन आणि खाली एक पातळ धोतर. पावसाळ्यात पंख्याखाली तेवढंच लागतं.

२०. माणूस वादातून चाललाय. निम्मा स्टाफ त्याच्याशी बोलत नाही. गोधडी करावी का?

ज्यांना करावीशी वाटते त्यांनी करावी, लहान करावी, आणि घरी नेऊन द्यावी. समारंभात नको. तिथे कुणाचा चौकोन नाही हे मोजलं जातं. कुणाच्या नावाने दुसऱ्यानेच कापड घालू नका, हे सगळ्यात वाईट. आम्ही एकदा पाच जणींनी अशी गोधडी केली. त्या बाईंनी दार उघडलं, हातात घेतली आणि आत जाऊन चहा ठेवला.

२१. वारलेल्या सहकाऱ्याचं कापड गोधडीत घ्यावं का?

त्यांच्या घरच्यांनी आपणहून दिलं तर घ्यावं, मागू नये. ज्याला द्यायची त्यालाही आधी सांगावं. कुणाला तो तुकडा छातीशी हवासा वाटतो, कुणाला झोप लागत नाही. प्रश्न ६ मधल्या ग्रंथपालांचा शर्ट त्यांच्या मुलीने स्वतः धुऊन, इस्त्री करून आणला होता.

२२. धुवायची कशी?

थंड पाणी, मऊ साबण, इतर कपड्यांपासून वेगळी धुवा. पिळू नका, बादलीच्या काठावर टाकून पाणी निथळू द्या, मग दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. एका दोरीवर टाकली की वजनाने मधले टाके ताणतात. पावसाळ्यात धुऊच नका. दसऱ्याच्या साफसफाईत काढा, ऊन दाखवा. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात ठेवा. मशिनमध्ये टाकायचीच असेल तर हळू फिरणारं चक्र लावा आणि आधी सुटे टाके पक्के करून घ्या. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून गोधडीसोबत द्या.

२३. काही वर्षांनी विरली तर? टाकून द्यायची का?

गोधडी अशी टाकायची नसते. फाटलेल्या चौकोनावर नवं ठिगळ लावायचं, सगळीच विरली तर तीच आतला थर होते आणि वरून नवी साडी चढवून पुन्हा टाके घालायचे. आमच्या आत्याकडच्या वाकळीत आतमध्ये तिच्या सासूची वाकळ आहे.

गेल्या दिवाळीनंतर गणिताचे सर पहिली गोधडी पिशवीत घालून शाळेत आले. मधले चार चौकोन झिजले होते आणि एका बाजूचा गोट सुटला होता. "दुरुस्त करून मिळेल का?" त्यांनी दारातूनच विचारलं. ज्यांनी ती शिवली त्यांतले आम्ही आता नऊच जण शाळेत आहोत. नवीन आलेल्या दोघी शिक्षिकांनी आपल्या ओढण्यांचे तुकडे दिले, सरांना त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं होतं. उरलेल्या दोन जागी सरांनी स्वतःचा जुना पांढरा शर्ट कापून दिला आणि सुईत दोरा ओवून देत संध्याकाळपर्यंत आमच्यात बसले.